दुपारपाळीवाली

पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या त्या कारखान्यात चिकटवायच्या मशीनवर सकाळपाळीला जी बाई होती, तिला सगळे भिंगरी म्हणत. तिचे हातही थांबत नसत आणि तोंडही. पण गेले काही महिने ते तोंड एकाच बाईच्या नावानं चालत होतं, आणि त्या बाईला भिंगरीनं कधी डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं.

ती म्हणजे दुपारपाळीवाली. मशीन एकच, पण सकाळच्या बायका मागच्या दारानं सुटायच्या. मग तासभर सगळं बंद, आणि त्यानंतर दुपारच्या बायका पुढच्या दारानं आत यायच्या. गाठ पडायची सोयच नव्हती. रोज सकाळी भिंगरी येऊन बघते तर गोंदाची टाकी बरबटलेली, रोलरवर गोंद वाळून दगड झालेला. खरवडता खरवडता नखं तुटायची, आणि खोके कमी निघाले की बोलणी तिनंच खायची.

सुपरवायझर सदा शीळ घालत फिरायचा म्हणून बायकांनी त्याचं नाव शिट्टी ठेवलं होतं. भिंगरी तक्रार घेऊन गेली की तो बिचाऱ्यासारखा चेहरा करायचा.

"मी तरी काय करू? ती म्हणते, तूच घाण ठेवून जातेस. सकाळवालीला आधी काम शिकवा, म्हणाली."

भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आल्यावर तिनं भांडी आदळत सगळं नणंदेला ऐकवलं.

"वहिनी, माझं डोकं कशाला खाताय? तिलाच सुनवा की," नणंद म्हणाली. "फेसबुकवर असेलच ती."

कारखान्याच्या पानावर कसल्याशा सत्काराचा फोटो होता, खाली सगळ्यांची नावं, मशीन आणि पाळी. त्यातून दुपारपाळीवाली सापडली. पन्नाशीची, चष्मेवाली. स्वतःच्या पानावर तिनं आपल्या पट्टी बांधलेल्या अंगठ्याचा फोटो टाकला होता आणि वर लिहिलं होतं, 'दुसऱ्याची घाण काढताना कापला.'

भिंगरीनं तिथंच, चारचौघांत, लिहिलं, 'घाण तुमची, काढते मी. अंगठा कुणाला दाखवता?'

उत्तर लगेच आलं. 'तूच का ती सकाळवाली? मला थेरडी म्हणालीस ना? शिट्टीनं सांगितलंय मला.'

भिंगरीनं ते पुन्हा एकदा वाचलं. शिव्या तिनं पुष्कळ घातल्या होत्या, पण हा शब्द तिचा नव्हता. तिनं तसं लिहिलं, आणि 'सकाळवालीला काम शिकवा' असं कोण म्हणालं, तेही विचारलं. तिकडूनही उत्तर आलं, 'तुला काम शिकवा असं मी कधीच म्हटलं नाही.' मग दुपारपाळीवालीनं भिंगरीला एकटीला निरोप धाडला, 'उद्या सुटताना टाकीचा फोटो पाठव. आल्यावर मी पाठवते.'

दुसऱ्या दिवशी भिंगरीनं पाठवलेली टाकी लख्ख होती. तासाभरानं दुपारपाळीवालीनं पाठवलेल्या त्याच टाकीवरून गोंद ओघळत होता.

'अगं, मग मधे येतं कोण?' तिनं खाली लिहिलं.

पुढच्या दिवशी भिंगरी सुटलीच नाही. पुठ्ठ्यांच्या थप्पीमागे दबा धरून बसली. थोड्या वेळानं ठरल्याप्रमाणे पुढच्या दारानं चष्मेवाली दबक्या पावलांनी आली आणि तिच्या शेजारी टेकली. फोटोतल्यापेक्षा चांगलीच ठेंगणी होती. दोघी एकमेकींकडे बघून काही बोलणार, इतक्यात शीळ ऐकू आली. पाठोपाठ मशीन सुरू झालं. शिट्टी पुठ्ठे सरकवत होता आणि त्याचा मेहुणा स्वतःच्या दुकानासाठी खोके भरून घेत होता.

भिंगरी उठली आणि तिनं खटका पाडला.

"आता सांगा. कोण कुणाला थेरडी म्हणालं?"

"हळू बोल. घरचं थोडंसं काम होतं. दुपारी तासभर आणि रात्री पाळी सुटल्यावर तासभर, एवढंच."

दुपारपाळीवालीनं अंगठा त्याच्या नाकासमोर धरला. "हा अंगठा पण तुमच्या घरचाच का?"

"मशीन काय तुमच्या बापाचं आहे?" शिट्टी उसळला.

"नाही. आणि तुमच्याही नाही," भिंगरी ओरडली. "आम्हाला कोंबड्यांसारखं झुंजवलंत आणि स्वतः शीळ घालत फिरलात! लाज कशी वाटली नाही?"

दोघींनी घडलेलं सगळं लिहून टाकीचे फोटो त्या सत्काराच्या फोटोखालीच टाकले. बघता बघता दोन्ही पाळ्यांच्या बायका तिथं लिहू लागल्या. सकाळपाळीतल्याच, कापणीच्या मशीनवरच्या दोघींनाही शिट्टीनं असंच एकमेकींविरुद्ध भडकवलं होतं. वर्षभर त्या एकमेकींचं नाव घेत नव्हत्या.

मालकानं शिट्टीची बदली गोदामात केली. माफी कुणीच मागितली नाही. उलट दोन्ही फाटकांवर कागद लागला, यापुढे कामावर फोन आणायचा नाही.

तो वाचून भिंगरी मागच्या दारानं गेलीच नाही. वॉचमन अडवायला आला, तर "हात लावून बघ" म्हणाली आणि पुढच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. दुपारपाळीवाली त्या दिवशी लवकरच आली, तिनंही कागद वाचला.

"किती शिव्या घातल्या हो मी तुम्हाला!" भिंगरी म्हणाली.

"मी काय कमी घातल्या?"

दोघी हसल्या, पण भिंगरीचं हसू टिकलं नाही. त्या वाया गेलेल्या महिन्यांचा राग अजून गेला नव्हता.

"फोन नको तर नको," दुपारपाळीवाली म्हणाली. "उद्या मी अर्धा तास लवकर येते. कापणीवाल्या दोघींनाही थांबायला सांग. मालकाकडे सगळ्याच जाऊ, माफी घेऊनच उठू."

"सांगते," भिंगरी म्हणाली, आणि त्या दोघी आत हात धूत होत्या तोवर सांगायला तिथूनच पुन्हा आत वळली.