दाराबाहेरची खुर्ची

शाळेत काकांचं काम एकच. मागे पडणाऱ्या मुलांच्या शेजारी बसायचं. यंदा त्यांच्या वाट्याला तिसरीतली पिटुकली आली होती. घरी आईचं डोकं उठवायची म्हणे, पण शाळेत दोन वर्षांत तोंडातून शब्द नाही.

काकांना तिचं सगळं कळायचं. पेन्सिल आडवी ठेवली की तिला तहान लागलीय, उभी धरली की उत्तर येतंय. तिने वहीत लिहिलेलं बघून काका सांगायचे, "बाई, बेचाळीस म्हणतेय ती." हळूहळू बाई प्रश्नही काकांकडे बघूनच विचारायला लागल्या.

एक दिवस मुख्याध्यापिकांनी बोलावलं.

"शुक्रवारी तोंडी परीक्षा. ती बोलली नाही तर तिला इथे ठेवणं माझ्या हातात नाही."

"मी बसतो ना शेजारी."

"काका, रागावू नका. परीक्षा तिची आहे की तुमची?"

घरी येऊन काकांनी कालचीच भाजी गरम केली. बायको होती तेव्हा दुकानदाराशी, डॉक्टरशी, व्याह्यांशी तीच बोलायची. "यांना झोप नाही हो," ती सांगायची आणि हे मान डोलवायचे. ती गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय, तर यांना सांगताच येईना. उठून आले. त्याला सात महिने झाले, पुन्हा दवाखान्याची पायरी चढले नव्हते.

शुक्रवारी त्यांनी आपली खुर्ची उचलून दाराबाहेर ठेवली. पिटुकलीने त्यांची बाही धरली.

"मी इथेच आहे," काका म्हणाले. "मलाही बोलायची भीती वाटते, खरंच. पण आज मी आत आलो, तर तू कधीच बोलायची नाहीस."

ती फुरंगटून आत गेली.

बाईंनी प्रश्न विचारला. पुन्हा विचारला. उत्तर काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"सावकाश," बाई म्हणाल्या.

बऱ्याच वेळाने घोगरा आवाज आला, "छप्पन्न." आणि मग, "बाई, पाणी पिऊ?"

काकांनी रुमाल काढला.

सोमवारी पिटुकली मैत्रिणीशेजारी बसली. दोघींची कुजबुज काही थांबेना, तेव्हा बाईंनी दटावलं. तिने काकांकडे वळूनही पाहिलं नाही. हेच तर हवं होतं, असं त्यांनी स्वतःला दोनदा बजावलं. मधल्या सुट्टीत मात्र त्यांनी डबा उघडला आणि तसाच मिटून ठेवला. रोज ती समोर बसून खायची, न बोलता.

संध्याकाळी ते दवाखान्यात गेले.

"बोला," डॉक्टर म्हणाले.

काकांनी सवयीने शेजारी पाहिलं. तिथली खुर्ची रिकामी होती. डॉक्टर थांबून राहिले.

"मला," काका म्हणाले, "झोप येत नाही."