ट्यूनाला रस्सा नसतो

सुकन्यानं पुण्याहून थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून मासा आणला, तेव्हा अंजनाला वाटलं, पोरीनं घाईत मटणच बांधून घेतलं. काटा नाही, खवलं नाही, नुसते लालभडक जाड तुकडे. मासा म्हणजे बाजारातली मरळ, एवढंच ठाऊक असलेल्या त्या माउलीनं एका तुकड्याला बोटानं टोचून पाहिलं.

"ह्याचं तोंड कुठं अन् शेपूट कुठं, बाई?"

"ट्यूना म्हनत्यात, माय. समुद्रातला हाय. आमच्या हाटेलात ह्याला लई मागणी."

हॉटेलचा विषय निघाला की बाजेवरचा तिचा बाप म्हाळू खाकरायचाच. शिरूर कासारच्या माळावर मेंढरं वळण्यात त्याचा जन्म गेलेला. पोरीनं पुण्यात स्वयंपाकाचं शिक्षण घ्यावं, हेच त्यानं कसंबसं गिळलं होतं. आता तिला गोव्याच्या एका हॉटेलानं नोकरीला बोलावलं होतं आणि बापाच्या होकाराशिवाय ती जाणार नव्हती. म्हाळूनं सांगून टाकलं होतं, "एवढं काय शिकलीस ते एकदा खाऊ घाल. जेवल्यावर बोलू."

सुकन्यानं अंगणातली चूल पेटवली. तुकडे फडक्यानं कोरडे केले, मीठ, मिरे आणि तेल चोळलं. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या आत सारून लोखंडी कढई धुरावेपर्यंत तापवली आणि तुकडा अलगद सोडला. चर्र झालं. अंजना शेजारी बसून बघतच राहिली. सारखं ढवळणं नाही, उचलून बघणं नाही. कडेच्या लाल रंगात खालून पांढुरकेपणा वर चढला, तशी पोरीनं एकदाच उलथनं घातलं. आपल्या पोटची पोर एवढी सराईत कधी झाली, हे अंजनाला कळलंच नव्हतं.

"हाटेलात मधून गुलाबीच ठेवत्यात," सुकन्या म्हणाली, "पण आप्पांसाठी पुरता शिजवते."

एवढा विचार केला, आणि एक गोष्ट मात्र ती साफ विसरली. मटणाच्या दिवशी म्हाळू काय करायचा? वाढायच्या आधीच दोन भाकरी ताटात चुरायचा, मधोमध आळं करायचा आणि रश्श्याची वाट बघायचा. आजही त्यानं तेच केलं. सुकन्या तुकडा, कांदा, लिंबू घेऊन आली आणि ते ताट बघून जागीच थबकली.

"रस्सा?" म्हाळू म्हणाला.

"आप्पा, ह्याला रस्सा नसतो."

"मंग ही भाकर काय कोरडी खाऊ?"

अंजना मनाशी म्हणाली, आता हा माणूस ताट सारून उठणार आणि पोरीचं गोव्याला जाणं राहणार. सुकन्याचा चेहरा उतरला, पण ती वाद घालत बसली नाही. तशीच चुलीकडे वळली. गरम कढईत लसूण ठेचून टाकला, आईच्या डब्यातलं मसाल्याचं येसर घातलं, पाणी ओतून तळाला धरलेलं सगळं खरवडून काढलं. दाटसर रस्सा खदखदायला लागला, तसा आणून आळ्यात ओतला. अंजनाला वाटलं, उठून पोरीची दृष्ट काढावी.

म्हाळूनं काला केला. एक घास, मग माशाचा तुकडा, मग पुन्हा घास. मान वर न करता जेवला, ताट बोटानं निपटून काढलं. सुकन्यानं दुसरा तुकडा वाढला, तसा त्यानं विचारलं, "समद्यांला वाढून झाल्यावर तू कवा जेवतीस तिथं हाटेलात?"

"शेवटी. उभ्या उभ्याच, आप्पा."

म्हाळू पोत्यावर जरा सरकला. "बस हितं." त्यानं तुकड्याचे दोन भाग केले आणि मोठा तिच्या हातावर ठेवला.

"गोव्यात बसून जेवत जा," तो म्हणाला.