राहणार ना, सुभेदार?

"बाबा, फॉर्मॅलिटी आहे नुसती. साहेब विचारतील, स्वतः राहणार का? येस सर म्हणायचं, खलास!" सतीशने पुन्हा बजावलं. माझे सासरे, निवृत्त सुभेदार भिकाजी, इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर ताठ बसले होते.

पुण्याजवळ फौजेच्या एका संस्थेने माजी सैनिकांसाठी कॉलनी बांधली होती. बाहेरचे बिल्डर तेवढ्याच घराला दुप्पट भाव सांगत होते. म्हणून तर संस्थेची अट कडक होती: सैनिकाने तीन वर्षं स्वतः राहायचं, भाड्याने द्यायचं नाही. सतीशचा बेत वेगळाच. घर बाबांच्या नावावर घ्यायचं, गुपचूप भाडेकरू ठेवायचा आणि बाबांनी इथेच, शारजात, अल मजाजच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायचं. दुबईत अल क्वोजला त्याच्या वेअरहाऊसमधून माणसं कमी करायला लागले होते. उद्या त्याची नोकरी गेली तर जायचं कुठे, या धास्तीने मीही तोंड बंद ठेवलं.

बाबांना खोटं बोलता येत नाही, ही आमची पंचाईत. भाजी खारट झाली तर पाहुण्यांदेखत सांगतात! सासूबाई, कृष्णाबाई, गेल्यावर ते गावच्या घरात एकटे राहिले. तेव्हा दिवस दिवस गॅस पेटवत नव्हते. हाडं वर आलेली पाहून आम्हीच त्यांना इकडे आणलं. आता आमच्या लेकीला, केयाला, शाळेच्या बसवरून घरी आणतात, संध्याकाळी तिला घेऊन तळ्याकाठी फिरतात आणि दोन घास जास्त जेवतात.

स्क्रीनवर कॉलनीच्या कमिटीचे कर्नलसाहेब दिसले. बाबा ताडकन उभे राहिले. सतीशने खांदा दाबून त्यांना खाली बसवलं. युनिट कुठलं, नोकरी किती, तब्येत कशी, बाबा खाडखाड उत्तरं देत गेले.

"सुभेदार, शेवटचं विचारतो. इथे इन्व्हेस्टमेंट करायला येणारे खूप झालेत. तुम्ही स्वतः राहणार ना?"

बाबांनी सतीशकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता बाबा सगळं सांगून मोकळे होणार!

"राहणार, साहेब."

"शाब्बास. चावी तयार आहे, या लवकर. काही अडचण आली तर माझा नंबर आहेच."

सतीशने लॅपटॉप मिटला आणि नाचायचाच बाकी राहिला. "यल्ला, चला, आज बिर्याणी!" मलाही हसू आलं. बाबा कधी आत गेले ते कळलंच नाही. मी पाणी घेऊन त्यांच्या खोलीत गेले, तर पलंगावर बॅग उघडी आणि बाबा स्वेटरची घडी घालत होते.

"हे काय, बाबा?" सतीश माझ्या मागून आत आला.

"तिकीट काढ माझं."

"अहो, ते नुसतं बोलायचं होतं!"

"तुला घर हवं होतं. मला साहेबांशी खोटं बोलायचं नव्हतं. दोन्ही जमलं."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं मला.

दारात केया उभी होती. "आजोबा, व्हेन विल यू कम बॅक?"

कर्नलसाहेबांना खाडखाड उत्तरं देणारा माणूस बॅगेची चेन मागेपुढे ओढत बसला. ती कुठेच अडकली नव्हती.

"वीणा, तीनच वर्षं तर..." सतीश पुटपुटला. माझं डोकंच फिरलं. मी त्याच्या हातातला फोन हिसकावला आणि कर्नलसाहेबांचा नंबर लावला.

"साहेब, मी सुभेदारांची सून बोलतेय. ते घर दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"का? सुभेदार खोटं बोलले?"

"नाही, साहेब. ते बॅग भरून निघालेत. खोटं आम्ही बोलणार होतो."