सरदार देवबाच्या सबबी

हर्षल बोरस्ते माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे त्याची बाजू घ्यायला फारशी जागा मिळणार नाही.

सातपूरच्या कारखान्यांच्या गर्दीत, पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर अमोलची छोटी कंपनी होती. खाली दिवसभर प्रेस आदळायचा आणि वर सात माणसं कम्प्युटरवरची लढाई बनवायची. नवीन माणूस पहिल्या दणक्याला दचकायचा, आठवडाभरात दणका बंद पडला की दचकायचा. अमोल आणि हर्षल इंजिनिअरिंगपासूनचे दोस्त. सहा वर्षांपूर्वी दोघांनी एका खेळाला हात घातला होता. काल्पनिक देश, ठासणीच्या बंदुकांचा काळ. राजा मुलाबाळांविना मरतो, दोन चुलतभाऊ गादीवर हक्क सांगतात आणि सगळ्या मुलखात यादवी पेटते. खेळणाऱ्याने एक बाजू घ्यायची आणि युद्ध चालवायचं.

या देशाची जमीन हर्षलची होती. सटाण्याच्या पुढचे बागलाणचे डोंगर त्याने उंचीच्या आकड्यांसकट उचलले होते आणि त्यांना नवी नावं दिली होती. कुठल्या घाटात तोफेचा गाडा रुतेल, तो काढायला किती बैल लागतील, बैलांना वैरण किती, दारू भिजली तर बंदुका किती दिवस मुक्या राहतील, सगळं त्याने बसवलं होतं. कुठला पूल तोफेचं वजन पेलतो आणि कुठला नाही, याची त्याची वेगळी यादी होती. त्या यादीवर त्याचा फार जीव होता.

खेळ सुरू होताना बनवणाऱ्यांची नावं येतात. त्यात सगळ्यात वर आपलं नाव असणार, हे हर्षलच्या मनात पहिल्या वर्षापासून पक्कं होतं. अमोलने तसं कधी कबूल केलं नव्हतं, पण नाकारलंही नव्हतं. घरी निकिताला, म्हणजे बायकोला, त्याने केव्हाच सांगून ठेवलं होतं. निफाडला आई-वडिलांनाही सांगितलं होतं. मुलगा कम्प्युटरवर काय करतो ते त्यांना कळत नव्हतं, पण नाव वर येणार एवढं कळलं होतं.

आणि मग मेजरसाहेबांनी घोटाळा केला. ते देवळालीच्या तोफखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. खेळ एखाद्या लष्करी माणसाने तपासून द्यावा, अशी प्रकाशकाची अट होती, म्हणून अमोलने त्यांना बोलावलं. त्यांनी तीन दिवस बसून खेळ खेळला, नकाशाचं तोंड भरून कौतुक केलं आणि चष्मा पुसत म्हणाले की हे दोन परक्या देशांचं युद्ध झालं, यादवी यात कुठे आहे? दोन्हीकडचे सैनिक शेवटच्या माणसापर्यंत लढतात. सांगितलं की निघतात, बोलावलं की येतात. यादवीत तसं नसतं. तिथे समोरच्या शत्रूपेक्षा बाजूचा सरदार मोठा होईल, याची भीती जास्त असते.

हर्षलला हे झोंबलं. पण खरं झोंबायचं पुढेच होतं, कारण अमोलने या कामासाठी पल्लवी देवरेला आणलं.

पल्लवी सटाण्याकडची, सव्वीस वर्षांची, संख्याशास्त्र शिकलेली. आईचा फोन आला की खुशाल सगळ्यांसमोर अहिराणीत बोलायची. आल्या आल्या तिने नकाशाला हात लावला नाही. आठ दिवस नुसती खेळत बसली. मग एका मीटिंगमध्ये तिने तिच्या भावाच्या लग्नाची गोष्ट सांगितली. पुंजाआप्पा म्हणून तिचे एक चुलते. पहिला फेटा त्यांना बांधायचा सोडून दुसऱ्याला बांधला गेला, तर आप्पा मांडवाबाहेर लिंबाखाली जाऊन बसले. त्यांच्यामागे भाऊबंदांतली बावीस माणसं जाऊन बसली. कोणी भांडलं नाही, पण लग्न दोन तास थांबलं. तिचं म्हणणं असं, की आपल्या खेळात प्रत्येक सरदाराला मान किती आणि तो दुखावला किती, याचा एक आकडा हवा. पलटणी तालुक्यांच्या हव्यात, म्हणजे सरदार रुसला की त्याच्या तालुक्याची माणसं त्याच्यामागे जातील. आणि समोरच्या फौजेत कोणाचे साडू, कोणाचे मामा आहेत, तेही धरायला हवं.

त्या आकड्याचं नाव तिने ‘रुसवा’ ठेवलं. अमोल हसून हसून बेजार झाला आणि लगेच कामाला लाग म्हणाला. सहा वर्षांत हर्षलच्या कुठल्याही गोष्टीवर अमोल असा हसला नव्हता. हर्षलच्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती तिथून.

सरळच सांगायचं तर तो जळत होता. अमोल चहाचा कप घेऊन पूर्वी त्याच्या टेबलाशी थांबायचा, आता पुढे तिच्या टेबलाशी जायचा. जाता जाता हर्षलच्या खांद्यावर हात ठेवायचा, आणि तो हात त्याला सगळ्यात जास्त लागायचा. खेळ तपासणारी पोरं ग्रुपवर रुसव्याचे किस्से टाकायची, कुठला सरदार कसा ऐन वेळी उलटला त्याचे. बैलांच्या वैरणीबद्दल कोणी काही टाकत नव्हतं. घरी जेवताना तो पल्लवीला कसं काही येत नाही ते सांगायचा. एकदा निकिता वैतागून म्हणाली, “तिचं नाव घेतल्याशिवाय तुझी भाकरी मोडत नाही का आजकाल?”

तर झालं असं, की पल्लवीला ती पुलांची यादी हवी होती. सरदार उशिरा आला तो रुसव्यामुळे की पूल नव्हता म्हणून, हे वेगळं काढायचं होतं. तिने रीतसर मेल केला. चार दिवसांनी हर्षलने उत्तर दिलं: यादी जुन्या मशीनवर आहे, शोधतो. तिने पुन्हा विचारलं. नऊ दिवसांनी त्याने लिहिलं: नेमके कुठले पूल हवेत ते लेखी पाठव. तिने पाठवले. सतरा दिवसांनी त्याने कळवलं: आधी माझ्या भागाची तपासणी होऊ दे, मग सगळं एकत्रच देतो. आणि शेवटी अर्धी यादी दिली, तीही वजनाचे आकडे वगळून. यात एकही शब्द खोटा नव्हता. यादी खरंच जुन्या मशीनवर होती, तपासणी खरंच चालू होती. आपण कोणाची अडवणूक करतोय असं हर्षलला एकदाही वाटलं नाही. आपण नीटनेटकं काम करतोय, असंच त्याला वाटत होतं.

फेब्रुवारीत मेजरसाहेब दुसऱ्यांदा आले. त्यांच्यासमोर खेळायला हर्षल स्वतः बसला. नकाशा त्याचा, तेव्हा तोच शोभत होता. त्याने थोरल्या भावाची फौज घेतली. तरुण सरदार सूर्यरावाला घाटाच्या तोंडाशी उभं केलं आणि मागे चार कोसांवर सहा पलटणी घेऊन जुना, अनुभवी सरदार देवबा ठेवला. शत्रू सूर्यरावाला भिडला की देवबाने बाजूने यायचं. आखणी झकास होती. मेजरसाहेबांनीही मान डोलावली.

शत्रू आला. सूर्यराव भिडला. हर्षलने देवबाला निघायचा हुकूम सोडला. बराच वेळ काही नाही. मग पडद्यावर देवबाचं पत्र उमटलं: ‘तोफांचे गाडे जुन्या तळावर आहेत, शोध चालू आहे.’

हर्षलने दुसरा हुकूम सोडला. सूर्यरावाच्या दोन पलटणी मोडल्या. पत्र आलं: ‘नेमक्या कोणत्या वाटेने यायचे ते लेखी कळवावे.’

“अरे, एकच वाट आहे तिथे,” हर्षल पडद्याला म्हणाला. त्याने वाट कळवली. सूर्यराव मागे सरकत होता, त्याच्या माणसांचा आकडा भराभर उतरत होता. तिसरं पत्र आलं: ‘आधी माझ्या पलटणींची तपासणी होऊ द्यावी, मग एकत्रच निघू.’ आणि खेळातल्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवबाने दोन पलटणी पाठवल्या, त्यांच्याकडे दारूगोळा नव्हता. तोवर सूर्यराव संपला होता. घाट गेला होता.

हर्षलचं टाळकं सणकलं. “काय नालायक माणूस आहे,” तो सगळ्यांदेखत म्हणाला. “समोर आपली माणसं मरताहेत आणि हा सबबी सांगतोय. असल्याला सैन्यात ठेवतात कशाला?”

मेजरसाहेब खूश होऊन हसले. म्हणाले, असलेच असतात, अशा दोघांच्या हाताखाली मी स्वतः काम केलंय. पहिल्यांदाच या खेळात खरा माणूस भेटला. मग त्यांनी पल्लवीला विचारलं, हा देवबा कुठून आणलास.

पल्लवीने खुर्ची थोडी पुढे घेतली. म्हणाली, सुरुवात पुंजाआप्पांवरून केली होती, पण ते जमेना. लग्नातला चुलता सगळ्यांसमोर जाऊन बसतो, तो कळतो तरी. सैन्यातला असा बसत नाही. तो हो म्हणतो, पत्राला उत्तर देतो, खोटंही बोलत नाही. फक्त येत नाही.

“तो कुठे सापडला मग?” मेजरसाहेबांनी विचारलं.

“कामात सापडतात, सर,” ती म्हणाली. तिने हर्षलकडे पाहिलं नाही.

हर्षलच्या डोळ्यांसमोर तिसरं पत्र अजून तसंच होतं. ते त्याने पुन्हा वाचलं. मग पहिली दोन उघडली. मग, सगळे बोलत असताना, देवबाच्या मागचा आकड्यांचा तक्ता काढला. पहिल्या हुकमाला उत्तर, चार तास. दुसऱ्याला नऊ. तिसऱ्याला सतरा. तिने फक्त दिवसांचे तास केले होते.

आता लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही. पण लाजेच्या आधी, मनात आलं ते सांगायचं तर, तो पुन्हा जळला. सहा वर्षांच्या खेळातला सगळ्यात जिवंत माणूस तिने उभा केला होता, आणि त्याला लागणारं सगळं सामान हर्षलने फुकट पुरवलं होतं.

मेजरसाहेब आता रंगात आले होते. त्यांना जाणून घ्यायचं होतं की अशा सरदारावर खेळात इलाज काय. काढून टाकता येतो का?

पल्लवी म्हणाली, “येतो, पण परवडत नाही. त्याला काढलं की त्याच्या तालुक्याच्या पलटणी त्याच्यामागे घरी जातात. शिवाय तो मुलूख त्याच्याइतका कोणालाच माहीत नसतो. मी दोनशे वेळा खेळून बघितलं, सर. त्यातल्या त्यात एकच गोष्ट चालते. त्याला सगळ्यात वरचा मान देऊन टाकायचा. सरसेनापती म्हणायचं, पत्रावर पहिलं नाव त्याचं घालायचं. आणि लढाई मात्र तो येणार नाही असं धरून आखायची.”

“आणि आला तर?”

“आला तर चांगलंच आहे,” ती म्हणाली. “पण मी वाट बघत नाही.”

हे ती रागाने म्हणाली असती तर हर्षलला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं. ती तर बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगत होती. त्याने आठवून पाहिलं तर गेल्या महिन्यापासून तिचा एकही मेल आला नव्हता. ती थकली असेल, माघार घेतली असेल, असं समजून तो मनातून सुखावला होता.

मेजरसाहेबांनी कागदावर सही केली. खेळ मंजूर. अमोलने खाली सांगून वडापाव मागवले, मेजरसाहेबांना गाडीपर्यंत सोडून आला आणि परत येऊन टेबलाच्या टोकाशी बसला. दोन महिने टाळलेली गोष्ट आज त्याला उरकून टाकायची होती. नावांचा पडदा आजच प्रकाशकाला पाठवायचा होता. तो म्हणाला, बाबांनो, माझ्याने हे ठरत नाही. नकाशाशिवाय खेळ नाही, आणि पल्लवी आली नसती तर आज सही झाली नसती. दोन नावं, वर एकच जागा. तुम्हीच सांगा काय करायचं ते.

खालचा प्रेस चालू होता.

“त्यात काय, पहिलं नाव हर्षलसरांचंच लावा,” पल्लवी म्हणाली. तिने वडापावचा कागद सोडला आणि मिरची बाजूला काढून ठेवली.

अमोलचा जीव भांड्यात पडला. तिचं मन किती मोठं आहे, असं काहीतरी तो बोलला आणि लॅपटॉप पुढे ओढून टाइप करायला लागला.

हर्षलला हवं होतं ते मिळालं होतं. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर टाइप होत होतं, आणि ते का मिळतंय ते या खोलीत फक्त दोघांना ठाऊक होतं. नको म्हणायला हवं, हे त्याला कळत होतं. नाव तुझं लाव, माझं खाली चालेल, एवढंच म्हणायचं होतं. त्यासाठी त्याने तोंड उघडलंसुद्धा. पल्लवीने पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तो बोलेल असं कदाचित तिलाही क्षणभर वाटलं असावं.

“अमोल,” हर्षल म्हणाला, “आडनावासकट लिही.”