श्वासाला जागा नसलेलं गाणं

ओडेल टगलचा बाप वारला तेव्हा ओडेल बावीस वर्षांचा होता, आणि त्या बापासाठी टीव्हीवर धाय मोकलून रडला तो ट्रेवोरिस पेटिग्रू.

झालं असं की, दोघंही मेम्फिस शहरातल्या ऑरेंज माउंड वस्तीतले, एकाच गल्लीतले, जोडीनं रॅप करणारे. बापाला पुरून आल्यावर ओडेलनं सोळा ओळी लिहिल्या. ट्रेवोरिस म्हणाला, "भावा, घरी नेऊन जरा निवांत वाचतो." त्याचं वाचन वर्षभर चाललं. तोवर तो 'लॉर्ड कटलास' झाला होता, त्या सोळा ओळींना मोठं बक्षीस मिळालं होतं, आणि मंचावर आभाळाकडे बोट करून त्यानं हंबरडा फोडला, "डॅडी, हे तुमच्यासाठी!"

त्याचे डॅडी पहिल्या रांगेत बसले होते. धडधाकट. सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून त्यांनीही वाजवल्या.

ओडेल बोंब मारायच्या बेतात होता, पण त्याच महिन्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, आणि कटलासचा मॅनेजर फॉन्टेन एक कागद घेऊन दारात उभा राहिला. ऑपरेशनचा खर्च कटलास करणार, बदल्यात यापुढे कटलासची गाणी ओडेलनं लिहायची, आणि ती आपण लिहिली हे कुणालाही, कधीही, तोंडी वा लेखी सांगायचं नाही. ओडेलनं सही केली. पुढची बारा वर्षं तो दिवसभर लामार अॅव्हेन्यूवरच्या दुकानात कोंबडीचे पंख तळत राहिला, आणि तळता तळता दुसऱ्याला राजा करत राहिला.

एवढंही त्यानं गिळलं असतं. पण या वसंतात एका मुलाखतीत कुणीतरी कटलासला जुन्या जोडीदाराबद्दल विचारलं. कटलास हसून म्हणाला, "ओडेल? पंख छान तळतो."

त्या दिवशी दुकानात पंखांचे तीन घाणे करपले.

गाणी मी लिहिली असं सांगायला कागदात मनाई होती. शिव्या द्यायला नव्हती. ओडेलनं एका दुपारी गाणं केलं, त्याचं नाव 'बाप जिवंत आहे', आणि इंटरनेटवर सोडून दिलं. तीन-चार दिवसांत ते शहरभर झालं. कटलासचे डॅडी बाजारात गेले की लोक त्यांना थांबवून म्हणू लागले, "काका, तुम्हाला पाहून बरं वाटलं."

आता रॅपमधल्या खुन्नसचा एक नियम आहे. समोरच्यानं गाण्यातून तुमची इज्जत काढली, की आठवड्याच्या आत गाण्यातूनच उत्तर द्यायचं. नाही दिलं, तर तुम्ही संपलात. पाचव्या दिवशी ओडेलचा फोन वाजला. पलीकडे फॉन्टेन होता.

"ओडेल, भावा! ऐकलं तुझं गाणं. जबरदस्त. आमच्या साहेबांना दोन दिवस घास उतरला नाही."

"बरं."

"तर आता उत्तर पाहिजे."

"द्या की मग."

"अरे, पण लिहिणार कोण?"

कढईत पंख तडतडत होते.

"शुक्रवारपर्यंत होईल ना?" फॉन्टेन म्हणाला. "आणि जरा लागट कर. तुझ्या आईवर एखादी ओळ टाक. आई आल्याशिवाय लोक मनावर घेत नाहीत."

"कुणाच्या आईवर?"

"तुझ्या! लेका, उत्तर तुलाच द्यायचंय ना? नीट लक्ष दे, बाबा, काम आहे हे."

आधी ओडेलनं ठरवलं की मुद्दाम रद्दड लिहायचं. दहा मिनिटं मन लावून प्रयत्न केला. मग त्यालाच कसंतरी व्हायला लागलं, त्यानं कागद फाडला आणि खरं काम सुरू केलं. आपलं कुठे दुखतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? तो लिहीत गेला:

*पस्तीस वर्षांचा बाप्या अजून आईच्या सोफ्यावर झोपतो*
*कोंबडीचे पंख तळतो आणि गरुडाच्या बाता ठोकतो*

हे वाचून त्याला दुःख झालं, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

दहाव्या ओळीला त्याचा हात थांबला. त्याला कटलासची स्टुडिओतली पद्धत आठवली. एक ओळ म्हणायची, पाणी प्यायचं, खुर्चीत बसायचं. मग दुसरी ओळ. मग थोडे चिप्स. पुढे यंत्र सगळं जोडून देतं, आणि यंत्राला फुप्फुसं नसतात. बारा वर्षांत कटलासनं एक कडवंसुद्धा सलग म्हटलं नव्हतं.

ओडेलनं अठ्ठेचाळीस ओळी लिहिल्या. एक संपायच्या आत दुसरी सुरू, दुसरीच्या शेपटावर तिसरी. श्वासाला कुठे जागाच नाही. नाही म्हणायला एक होती. एकोणिसाव्या ओळीत तालात एक जोरदार टाळी पडायची, आणि त्या टाळीआड चोरटा श्वास घेता येत होता. ओडेल शाळेच्या बँडमध्ये चार वर्षं ट्युबा हे अगडबंब पितळी फुंकवाद्य वाजवायचा. फुप्फुसं त्याची ट्युबाच्या मापाची होती. पुढे सारा उन्हाळा तो पंख तळताना मनात ते गाणं घोकत राहिला.

आईवरची ओळ त्यानं मॅकरोनीवर लिहिली. त्याची आई, म्हणजे मिस अर्लीन टगल, चर्चच्या प्रत्येक जेवणाला चीज घालून भाजलेली मॅकरोनी करायच्या. चाळीस वर्षं रविवारच्या शाळेत शिकवलेल्या बाईला तोंडावर कोण बोलणार? लोक वाढून घ्यायचे आणि रुमालाखाली झाकून टाकायचे. ओडेलला वाटलं, आई असला गोंगाट ऐकत नाही. तिच्या कानावर कुठून जाणार?

कटलासचं उत्तर आलं आणि ओडेल आडवा झाला. म्हणजे लोकांच्या मते. गिऱ्हाइकं काउंटरवर कोपर टेकून म्हणायची, "सहा पंख दे, गरुडा." बसचा ड्रायव्हर त्याला पाहून गाडी थांबवायचा, दोन ओळी म्हणायचा आणि त्याला न घेताच निघून जायचा.

"एवढा मार खाऊन हसतोस काय रे?" दुकानाच्या मालकानं विचारलं.

"गाणं चांगलंय," ओडेल म्हणाला.

जिंकलेल्यानं आपल्या मोहल्ल्यात येऊन ते गाणं म्हणायचं, तेव्हा ते जिंकणं पक्कं होतं. ऑगस्टमधल्या शनिवारी पार्कात ऑरेंज माउंडचं सालाबादचं जेवण होतं. दुपारचं ऊन, शेगड्यांचा धूर, चार हजार माणसं. मंचावर रेकॉर्ड लावायला आंटी टोनेट. तिची एक रीत होती आणि ती सगळ्यांना माहीत होती. बाहेर गावोगाव पोरं आपल्याच टेप केलेल्या आवाजावर तोंड हलवतात, खुशाल हलवू देत. घरी आल्यावर चालणार नाही. ती आवाज काढून टाकायची आणि नुसता ताल ठेवायची.

कटलासलाही ही रीत माहीत होती. पण इतकी वर्षं स्वतःची टेप ऐकून त्याची मनापासून समजूत झाली होती की ते सगळं तोच म्हणतो.

त्यानं सुरुवात झोकात केली. पाचव्या ओळीपर्यंत लोक नाचत होते. आठव्या ओळीला आंटी टोनेटनं टेपमधला आवाज काढून टाकला. अकराव्या ओळीला कटलासचा रंग बदलला. बाराव्याला तो कमरेत वाकला. तेराव्याला त्यानं, सगळे करतात तसा, माइक लोकांकडे फिरवला. लोकांना गाणं पाठ होतं. चार हजार माणसांनी एका दमात तीन ओळी म्हटल्या आणि चार हजार माणसं एकदमच खोकायला लागली.

आंटी टोनेटनं ताल बंद केला.

"काय झालं, बाळ? ऊन लागलं?"

"आवाज... आवाज लाव," कटलास धापा टाकत म्हणाला.

"तुझाच आवाज तुला उसना हवाय का?" ती म्हणाली. लोक हसले. मग तिनं हात कपाळावर धरून गर्दीत पाहिलं. "ज्याची इज्जत काढलीय तो कुठंय? ओडेल! ये वर. दे उत्तर."

ओडेल वर गेला. दुसरा माइक घेतला. फॉन्टेन खालून दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होता.

"उत्तर नाही," ओडेल म्हणाला. "हेच लाव. पहिल्यापासून."

आणि त्यानं स्वतःला शिव्या घालायला सुरुवात केली. सोफा, पंख, गरुड, सुटलेलं पोट, पळालेली बायको, तिनं सोबत नेलेला कुत्रा. अकरावी ओळ गेली, तेरावी गेली, लोक आधी हसत होते ते हसायचे थांबले. एकोणिसाव्या ओळीची टाळी पडली आणि तिच्याआड त्यानं छाती भरून घेतली. कटलास दोन हातांवरून त्याच्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर ओडेलला जे बघायचं होतं ते हळूहळू उमटत होतं. बारा वर्षांचं व्याज होतं ते.

चाळिसाव्या ओळीवर ओडेलनं डावीकडे पाहिलं. जेवणाच्या टेबलामागे, भल्यामोठ्या ट्रेपाशी, हातात डाव घेऊन आई उभी होती. ऐकत होती.

थांबावं असं त्याला फार वाटलं. पण थांबायची एकच जागा होती, आणि ती मागे गेली होती. इथे अडखळला असता तर तोही कटलाससारखाच ठरला असता. आणि दुसरी जागा त्यानं स्वतःच ठेवली नव्हती.

*तुझ्या आईची मॅकरोनी चर्चमागचं कुत्रं हुंगेना*
*पाद्र्यानं नैवेद्याला ठेवली तर देवही तिला शिवेना*

उरलेल्या सहा ओळी त्यानं डोळे मिटून म्हटल्या. ताल संपला. पार्कात शेगड्यांवरच्या बरगड्या करपायला लागल्या.

"कटलासच्या गाण्यात श्वास कुठे घ्यायचा," आंटी टोनेट सावकाश म्हणाली, "हे कटलासला माहीत नाही आणि याला माहितीय. ते कसं काय?"

ओडेलला कागद आठवला. तेवढ्यात पायऱ्या वाजल्या. ऑपरेशन केलेल्या गुडघ्यावर एकेक पायरी चढत मिस अर्लीन मंचावर आल्या. हातात डाव तसाच.

"मॅकरोनीची ओळ," त्या म्हणाल्या, "कुणी लिहिली?"

ओडेलनं कटलासकडे पाहिलं. फॉन्टेननंही पाहिलं. नाव तर कटलासचंच होतं त्या गाण्यावर.

मिस अर्लीननी एक पाऊल पुढे टाकलं. "ट्रेवोरिस?"

"मी नाही, मिस अर्लीन!" कटलास किंचाळला. माइक अजून त्याच्या तोंडासमोर होता. "देवाशपथ मी नाही! यानं लिहिली! सगळंच हा लिहितो! पहिल्या गाण्यापासून! बाप पण याचाच मेलाय, माझा तिथे कोपऱ्यात बसून बरगड्या खातोय!"

डॅडींनी बरगडी हातात धरूनच सगळ्यांना हात केला.

चार हजार माणसं जी ओरडली ती लामार अॅव्हेन्यूपर्यंत ऐकू गेली. फॉन्टेन गवतात बसला आणि त्यानं डोकं धरलं. आंटी टोनेट माइकवर ओडेलचं नाव पुन्हा पुन्हा घेत होती, आडनावासकट. हे ऐकायला तो बारा वर्षं जगला होता, पण नीट ऐकता येईना, कारण आईनं त्याचा कान धरला होता.

तिनं दुसरा कान कटलासचा धरला. दोघांना टेबलापाशी नेलं, शेजारी बसवलं आणि दोन ताटल्या शिगोशीग भरल्या.

"साधी चिठ्ठी लिहूनसुद्धा कुणी सांगितलं नाही मला चाळीस वर्षांत," ती म्हणाली. "खा. इथेच. सगळ्यांसमोर."

मॅकरोनी थंड होती. वर कडक, आत कच्ची, आणि मधे कुठेतरी मिठाचा खडा. कटलासनं पहिला घास घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. या वेळी खरोखर.

ओडेलनं घास तोंडात घोळवला. आयुष्यात इतकं चवीनं त्यानं काही खाल्लं नव्हतं. कटलासची ताटली अर्धी व्हायची त्यानं वाट पाहिली, आणि मग आईकडे वळला.

"आई, त्याला अजून वाढ. लाजतोय तो."