बिगुलासाठी रिकामं पोट

गोविंदाचा बिगुल वाजल्याशिवाय नागपुरात इंदोऱ्याच्या एका गल्लीतली दसऱ्याची मिरवणूक दीक्षाभूमीकडे निघतच नसे. काय दिवस होते ते! प्रेमिलाला आजही आठवलं की ऊर भरून येतो. पांढरेशुभ्र कपडे, निळे झेंडे आणि सगळ्यांच्या पुढे गाल फुगवलेले तिचे बाबा, गोविंदा. बिगुल फुंकायला त्यांनी तिलाही शिकवलं होतं, पण घरातल्या घरात. मिरवणुकीत पोरीनं वाजवायची रीत नव्हती.

बाबांचं एक खूळ होतं. हवा पोटात भरते, यावर ते ठाम. म्हणून दसऱ्याच्या आदल्या दिवशी उपाशी राहायचे. हवेला जागा नको? त्या वर्षी, चौऱ्याहत्तर साली, त्यांना चार पावलं चाललं तरी धाप लागायची. मग या शहाण्या माणसानं काय करावं? दोन दिवस आधीच अन्न सोडलं! प्रेमिलाची आई इंदूबाई अगदी रडकुंडीला आली.

प्रेमिला तेव्हा नर्सिंग शिकत होती. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी तिनं अंगणात कोळशानं चित्रच काढलं.

"हे पाहा बाबा. हवा नाकातून घशात, मग श्वासनळीत. नळीच्या दोन फांद्या, दोन फुप्फुसांत. त्याईले बारीक फांद्या, अन् टोकाले इवले इवले फुगे. तिथूनच हवा रक्तात जाते. पोटाचा रस्ता येगळा हाये."

"मंग दम घेतला का पोट काहून फुगते वं?"

"फुप्फुसाखालचा पडदा खाली सरकते, पोटाले ढकलते, म्हणून."

बाबांनी चित्रातल्या इवल्या फुग्यांवर बोट ठेवलं. वीस वर्षं ते मिलमध्ये कापूस पिंजायच्या खात्यात होते.

"अन् मिलमधला कापूस? तो कुठवर जाते?"

प्रेमिलाला उत्तर ठाऊक होतं. "तुमी आधी जेवा," ती म्हणाली.

बाबांनी मुकाट्यानं भाकर खाल्ली. आपण जिंकलो, असंच तिला वाटलं.

सकाळी सगळी गल्ली रांगेत उभी राहिली. बाबांनी बिगुल ओठांना लावला. पहिला सूर लागला, दुसरा फाटला आणि मग नुसता खोकला. कुणीच पाऊल उचलेना. खोकला थांबल्यावर बाबांनी सदऱ्यानं बिगुल पुसला आणि प्रेमिलापुढे धरला.

"मी? मिरवणुकीत?"

"माह्या फुग्याईत कापूस बसला. तुले कालच ठाव होतं. तुहे रिकामे हायेत. फुंक वं."

तिला रडू आवरत नव्हतं, तरी तिनं छाती भरून श्वास घेतला. सूर वेडावाकडा निघाला, पण निघाला. माणसं चालू लागली, आणि बाबा पहिल्यांदाच मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले.