मागाचं कुंकू
शालिकरामने हातमागाच्या आडव्या लाकडाला कपाळ टेकवलं आणि मग त्याला आठवलं, आज रविवार. आज आपला बाप्तिस्मा.

तो ताडकन उठला. बायकोने, रुख्माबाईने, पहाटेच लाकडाला लावलेलं कुंकू त्याच्या कपाळाला चिकटलं होतं, ते त्याने धोतराच्या सोग्याने खसाखसा पुसलं. जीव थाऱ्यावर नव्हता म्हणून हातांना काम द्यायला तो मागाशी गेला होता, आणि तीस वर्षांच्या सवयीने मान आपसूक वाकली होती.

"आता मी जात नाही वं," तो बायकोला म्हणाला.

रुख्माबाई धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या चरख्यावर भरत होती. तिने चरखा थांबवला. "हे तिसऱ्यांदा हाय. आता काहून?"

"दुसऱ्या कोणाच्या पाया पडणार नाही म्हणून कबूल कराचं हाय तिथं. अन् मी आत्ताच पडलो."

"मंग तुमच्या पाळकाले सांगा. मले काय सांगता?"

दोन वर्षांपूर्वी, बावन्न सालच्या दसऱ्याच्या तोंडावर, त्यांची एकुलती लेक सत्यवती तापाने फणफणली होती. लुगड्याचा वायदा होता. 'आज पुरं करतो, उद्या पोरीले नेतो' म्हणत शालिकराम मागावरून उठला नाही. धंतोलीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली; पोरगी वाचली नाही. तिथल्याच एका नर्सबाईने पुढे त्याला आपल्या लुथरन चर्चमध्ये नेलं. क्षमा फुकट मिळते, कमवावी लागत नाही, असं तिथे सांगत. ते ऐकायला तो दर रविवारी जाई आणि तेच त्याच्या गळी उतरत नसे. फुकटचा माल कोष्ट्याला खोटाच वाटणार!

पाळकाला तेच सांगायला तो पाचपावलीच्या घरून चालत चर्चला गेला. पाळक मारोतराव मूळचे उमरेडच्या विणकराघरचे. दारातच शालिकरामने सगळं सांगून टाकलं.

"मले आज घेऊ नोका, साहेब."

"मागाले देव मानून पाया पडला का?"

"ठावं नाही. देव हाय का, हेबी कधी कधी ठावं नसते. भेव मात्र रोज वाटते."

मारोतराव हसले नाहीत. "धागा तुटला तर तू सारं लुगडं उसवतो का गा? गाठ मारतो अन् पुढं विणतो."

"पोरगी धागा नवती, साहेब."

मारोतरावांचा चेहरा उतरला. "नवती," ते हळूच म्हणाले. "चुकलं माहं. चाल, मी तुह्या संग उभा राहातो."

"विश्वास धरतोस का?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. कुणीतरी खोकलं. बाक करकरला.

"देव मदत करीन तर धरतो," तो शेवटी म्हणाला.

पाणी कपाळावरून मानेत उतरलं. आता छातीवरचं ओझं हलकं होईल म्हणून तो वाट पाहत राहिला. सदरा तेवढा ओला झाला.

घरी आला तर मागाचं लाकूड कोरं. त्याच्या बापाच्या वेळेपासून चढत आलेले हळदकुंकवाचे थर कुणीतरी घासून काढले होते. रुख्माबाईची नखं लाल होती.

"मीच पुसलं," ती म्हणाली. "आता तरी रातच्याले झोपसान का?"

दसऱ्याला मागाची पूजा तीच मांडायची. तिने चर्चमध्ये कधी पाऊल टाकलं नव्हतं. शालिकरामला हुंदका आवरेना. त्याने कोनाड्यातला कुंकवाचा करंडा काढून तिच्यापुढे ठेवला.

"लाव."

"तुमच्यात चालते?"

"पाणी माह्या डोक्यावर पडलं, तुह्या नाही. लाव तू."

रुख्माबाईने करंडा उघडला. मग ती वाकली आणि कुंकवाचं बोट तिने लाकडाच्या खालच्या अंगाला टेकवलं. मागावर बसणाऱ्याला ते दिसलं नसतं.

सोमवारी सकाळी शालिकराम मागावर बसला. मान वाकू लागली, ती त्याने सावरली. रुख्माबाईने न पाहिल्यासारखं करत तोंड दुसरीकडे फिरवलं आणि भरलेली कांडी त्याच्या हातात दिली.